तारेच्या पत्त्यातला ‘जी’

जळगावच्या एका सराफी पेढीचे १९६२ सालचे लेटरहेड आज छापखान्याच्या टेबलावर आले आहे. पेढीच्या धाकट्या मालकांना आजोबांच्या काळातले तेच इंग्रजी अक्षर नव्या कागदांवर हवे आहे. डीटीपी करणाऱ्या मुलाने सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना बारीक पाय असलेल्या चार-पाच फॉन्टांत मजकूर जुळवून पाहिला, तेव्हा हातभर अंतरावरून त्याला सगळेच बरोबर वाटले. अशा वेळी भिंग घ्यावे आणि गावाचे नावच अक्षर-अक्षर सुटे करून पाहावे.

इंग्रजीतल्या ‘जळगाव’चे पहिले मोठे ‘जे’ पाहा. लंडनच्या ‘द टाइम्स’ दैनिकाने ३ ऑक्टोबर १९३२ रोजी वापरात आणलेल्या टाइम्स न्यू रोमनमध्ये ते ओळीवर टेकते; या कागदावर ते ओळीखाली उतरले आहे, तेव्हा टाइम्स बाद. मॅथ्यू कार्टर यांचा जॉर्जिया तर मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये आणला, त्यामुळे त्याचा प्रश्नच येत नाही.

उरले गॅरामाँड आणि बास्करव्हिल, आणि खरी कसोटी इथेच लागते. सोळाव्या शतकातल्या पॅरिसच्या क्लोद गॅरामाँ यांच्या वळणात छोट्या ‘ए’चे पोट लहान असते आणि ‘ओ’चा जाड भाग किंचित डावीकडे कललेला असतो. (नुसत्या नावावर मात्र जाऊ नये, कारण गॅरामाँड म्हणून विकले जाणारे कित्येक टाइप मुळात सतराव्या शतकातल्या झां जानोँ यांचे होते, हे टाइपांच्या अभ्यासक बिअॅट्रिस वॉर्ड यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले.) बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी अठराव्या शतकात घडवलेल्या टाइपात ‘ओ’ जवळजवळ ताठ उभा राहतो, आणि छोट्या ‘जी’चे खालचे पोट पूर्ण मिटत नाही, तिथे फट राहते.

आपल्या कागदावरचा ‘ओ’ ताठ आहे, पण गावाच्या नावातल्या ‘जी’ची फट दिसत नाही. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची छपाई दाबाची असते, दाबाने शाई कडेला पसरते आणि एवढी अरुंद जागा सहज बुजते. म्हणून तोच ‘जी’ कागदावर दुसरीकडे शोधायचा. तो खाली, तारेच्या पत्त्याच्या ओळीत ‘टेलिग्राम’ या शब्दात सापडतो. तिथे ठसा हलका उमटला आहे, आणि भिंगाखाली ती फट स्वच्छ दिसते.

अक्षर बास्करव्हिल ठरले, तरी पहिले प्रूफ जुन्या कागदाशेजारी ठेवताच नवे अक्षर अशक्त वाटते. संगणकावरच्या अक्षराला ती पसरलेली शाई मिळालेली नाही. मुलगा रेघांची जाडी केसभर वाढवतो, ‘जी’ची फट बुजणार नाही याकडे लक्ष ठेवून, आणि दुसरे प्रूफ काढतो.