बांध सगळ्यांचा, भात ज्याचं त्याचं

(दृश्य : गोव्यातलं चोडण बेट, भरतीची वेळ)

मांडवीचं पाणी चढतंय. रेट्यानं मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारं आपसूक मिटली, खारं पाणी बाहेरच राहिलं. आतली ही खाजन जमीन, खाडीकाठची, बांध घालून राखलेली. इथं कोरगूट पिकतं, खारवटीला दाद न देणारं भात.

बांधाला भगदाड पडलं तर एकट्याचं शेत बुडत नाही. म्हणून चिखल, पेंढा, बांबू घेऊन सगळेच उतरायचे. ही व्यवस्था गावकारी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था बघायची. बांध सामाईक, कणगीतलं भात ज्याचं त्याचं.

(दृश्य : सुपातलं बियाणं पायलीनं मोजणारे हात)

हे बियाणं शेजारणीला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं तो हक्क शेतकऱ्याकडेच ठेवलाय. संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकायला तेवढी मनाई.

पण प्रयोगशाळेतल्या अवजारांचं काय? वनस्पतीत जनुक पोचवायला अॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू वापरतात आणि त्या पद्धतीभोवती पेटंटांचं दाट कुंपण होतं. उपयोगी जनुक हाती असलं, तरी छोट्या संस्थेला ते पिकात घालून शेतापर्यंत न्यायला दारोदार परवानग्या मागाव्या लागायच्या.

ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या कँबिया संस्थेत, रिचर्ड जेफरसन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दुसरी वाट दाखवली. मुळांच्या गाठींत राहणाऱ्या रायझोबियमच्या गोतावळ्यातले जिवाणू घेऊन त्यांनी तंबाखूत आणि भातातही जनुक पोचवलं. या पद्धतीचं नाव ट्रान्सबॅक्टर.

आणि त्यांनी पेटंटचा हक्क सोडला नाही! त्याच्याच जोरावर वापरणाऱ्यांशी करार करून अट घातली : पद्धत वापरा, तिच्यातून काढलेलं वाण तुमचं, रॉयल्टी नको. मात्र पद्धतीत सुधारणा केलीत, तर ती करारातल्या सगळ्यांना वापरू द्यायची, तिच्यावरून एकमेकांना अडवायचं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. हक्क सोडून दिला असता, तर पुढची सुधारणा कुणीही कुंपणात घातली असती.

मुक्त सॉफ्टवेअरवाले अशीच अट कॉपीराइटच्या जोरावर घालतात. पण सॉफ्टवेअरचा कॉपीराइट लिहिताक्षणी, विनाखर्च मिळतो. पेटंट घ्यायला आणि टिकवायला मात्र वर्षानुवर्षं पैसा ओतावा लागतो. म्हणून नफा कमावणाऱ्या कंपन्यांकडून कँबियानं तांत्रिक मदतीचं शुल्क घ्यायचं ठरवलं, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे.

(दृश्य : ओहोटी. मानशीच्या तोंडाशी जाळं)

इथं मानशीत मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव व्हायचा. तो पैसा बांधाला लागायचा.