तीन विधी, दोन नवरे

मंडळी, नेपोलियनची पहिली बायको जोसेफिन हिची लग्नं दोन झाली, पण लग्नविधी तीन. आज मी या तीन विधींबद्दलच बोलणार आहे. नेपोलियनच्या लढाया बाजूला ठेवू, त्या तुम्हाला शाळेपासून पाठ आहेत.

तिचं मूळ नाव रोझ. जन्म 1763 चा, मार्टिनिक बेटावर, गुलामांच्या कष्टांवर चालणाऱ्या उसाच्या मळ्यात. पॅरिसला असलेल्या आत्यानं स्थळ आणलं ते हिच्यासाठी नव्हतंच, बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीसाठी होतं. ती तापानं गेली, म्हणून थोरलीला जहाजात बसवलं. डिसेंबर 1779 मध्ये सोळा वर्षांची रोझ अलेक्सांद्र द बोआर्नेची बायको झाली. नवऱ्याला ही गावंढळ वाटली. युजेन आणि ओर्तांस ही दोन मुलं झाली आणि 1785 मध्ये दोघं वेगळी झाली. पुढे राज्यक्रांतीनं दोघांना पुन्हा एका छपराखाली आणलं, पण ते छप्पर कार्म तुरुंगाचं होतं! 23 जुलै 1794 ला अलेक्सांद्रला गिलोटिनवर चढवलं. चारच दिवसांत या दहशतीचा सूत्रधार रोबेस्पिअर याची सत्ता कोसळली आणि ही वाचली.

दुसरा विधी 9 मार्च 1796 च्या रात्री, सरकारी नोंदणीचा. नवरदेव नेपोलियन दोन तास उशिरा आला. आपल्याकडे मुहूर्त टळला म्हणून भटजी निघून गेले असते. तिथे नोंदणी अधिकारी निघून गेला आणि हाताखालच्या माणसानं काम उरकलं. नवरी 32 वर्षांची, नवरा 26 चा. तिनं चार वर्षं कमी सांगितली, त्यानं दीड वर्ष वाढवून सांगितलं. कागदावर दोघं अठ्ठावीसची! रोझची जोसेफिन त्यानंच केली. दोन दिवसांनी स्वारी इटलीच्या मोहिमेवर.

तिसरा विधी सगळ्यात मजेशीर, आणि सगळ्यात महागही. 1804 मध्ये नेपोलियनच्या सम्राट म्हणून राज्याभिषेकासाठी पोप पॅरिसला आले. यांचं लग्न चर्चमध्ये झालेलंच नाही, हे जोसेफिननं स्वतःच त्यांच्या कानावर घातलं म्हणतात. पोप अडून बसले. मग आदल्या रात्री तुइलरी राजवाड्यात नेपोलियनच्या मामानं, कार्डिनल फेशनं, गुपचूप लग्न लावलं. दुसऱ्या दिवशी, 2 डिसेंबरला, नोत्र दाममध्ये नेपोलियननं स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला. बाईला वाटलं, आता गाठ पक्की झाली.

मूल होईना. नेपोलियनला वारस हवा होता. 15 डिसेंबर 1809 ला सगळ्या घराण्यासमोर तिला घटस्फोटाची संमती वाचायला लावली. मध्येच आवाज बसला, उरलेलं दुसऱ्यानं वाचलं. चर्चचा प्रश्न उरला होता, तो पॅरिसच्या धर्मन्यायालयानं 1810 मध्ये सोडवला: त्या रात्री नियमाप्रमाणे साक्षीदार नव्हते, सबब लग्नच नाही! सम्राज्ञी ही पदवी आणि माल्मेझोंचा वाडा मात्र तिच्याकडेच राहिला. 29 मे 1814 ला ती तिथेच गेली.

वारसाचं म्हणाल, तर नेपोलियनला दुसऱ्या बायकोपासून मुलगा झाला. तो एकविसाव्या वर्षी व्हिएन्नात क्षयानं गेला. पुढे तिसरा नेपोलियन म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला तो ओर्तांसचा मुलगा. आणि युजेनच्या मुलीचं नाव आजीवरून जोसेफिनच ठेवलं होतं. ती 1844 मध्ये स्वीडनची राणी झाली.