रिव्हेटचं डोकं आणि टाकीवरचा फुगा

मंडळी, नाशिकला पत्र्याचं काम नवं नाही. ओझरला मिगपासून सुखोईपर्यंत विमानं जुळली, अंबड-सातपूरला तर गल्लोगल्ली ड्रिल फिरत असतात. त्यामुळे शेडमध्ये किटमधून दोन आसनी विमान जोडायचं म्हटलं तर इथला माणूस दचकत नाही. त्याला नडते ती हाताला लागलेली सवय. म्हणून आज पंख, शेपटी, इंजिन सगळ्यांवरून हात फिरवत बसण्याऐवजी भोक, रिव्हेट (दोन पत्रे जोडायला भोकात घालून ठोकायची, डोकं असलेली धातूची खीळ), बोल्ट आणि इंधनाची टाकी एवढंच घेऊ. कागदपत्रांचं एका वाक्यात सांगतो: व्हीटी नोंदणी (भारतीय विमानाचा नंबर) आणि उड्डाणाची परवानगी डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, मिळते, तेव्हा किटची पेटी न्हावाशेवा बंदराला उतरण्याआधीच तिकडे बोलून घ्या. परदेशी व्हिडिओत सांगतात ते नियम त्यांच्या देशाचे.

पत्रा 2024-टी3 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. मूळ मिश्रधातू मजबूत, पण गंजाला कच्चा, म्हणून दोन्ही अंगांनी शुद्ध ॲल्युमिनियमचा थर असतो. 0.8 मिमी पत्र्यावर तो थर एका बाजूला जेमतेम 0.04 मिमी, वहीच्या कागदाच्या निम्माही नाही. सुईने आखणी केलीत की तो गेला, आणि वाकवताना भेग पडायला जागा झाली. शिसपेन्सिलही नको, ग्रॅफाइट आणि ओल एकत्र आली की त्याच रेघेवर पत्रा खायला लागतो. मार्कर पेन वापरा.

आता भोक. 3.2 मिमी रिव्हेटला 30 नंबरचं ड्रिल लागतं, म्हणजे 3.26 मिमी. हाताशी 3.5 चं आहे म्हणून तेच लावलं, तर मोठ्या भोकात रिव्हेटची दांडी फुगण्याआधी वाकते आणि डोकं एका अंगाला झोपतं. भोकाचं केंद्र कडेपासून किमान 6.4 मिमी आत हवं, रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट. भोकाच्या कडेची धारदार कोर, म्हणजे बर, काढायला मोठं ड्रिल हातात धरून एक-दोन वेढे पुरे. हौसेने खोल घासलंत तर पातळ पत्र्यात खळगाच होतो. आणखी एक: भोकाचं तोंड उतरतं करणारे काउंटरसिंक आपल्याकडे मिळतात ते बहुधा 90 अंशांचे, विमानाच्या सपाट डोक्याच्या रिव्हेटला 100 अंश लागतात. नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. रिव्हेट मात्र फक्त कडेवर टेकतो.

ठोकण्याआधी दांडी पत्र्याबाहेर 4.8 मिमी, म्हणजे जाडीच्या दीडपट, हवी. ठोकल्यावर आतलं डोकं 4.8 मिमी रुंद आणि 1.6 मिमी उंच. हे अंदाजावर सोडू नका, गेज लावा. रिव्हेट ठोकायच्या हवेच्या गनचा दाब कमी ठेवून खूप वेळ ठोकत राहिलात तर दांडी कडक होते आणि डोक्याला कडेने चिरा जातात. मागे धरलेली डॉली, म्हणजे टेकूचा धातूचा ठोकळा, हलकी असली तरी तेच. एखादा रिव्हेट जरासा डावा-उजवा बसला असेल तर तो काढायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे, कारण काढताना भोक अंडाकृती होण्याचा धोका त्याहून मोठा. काढायचाच तर ड्रिल डोक्याच्या उंचीइतकंच घाला, डोकं पंचने उडवा आणि मागून पत्र्याला टेकू देऊन दांडी बाहेर ठोका.

बोल्टच्या बाबतीत ‘अजून थोडं’ हा आपला जुना रोग. विमानाच्या एएन3 (3/16 इंच जाडीच्या) बोल्टला आवळायचा जोर, म्हणजे टॉर्क, 20 ते 25 इंच-पौंड पुरतो, एएन4 (1/4 इंच) ला 50 ते 70. टॉर्क पाना आधी तपासून घ्या, आणि लॉकनट (आपोआप ढिला न होणारा नट) असेल तर तो नुसता फिरवायला लागणारा जोर मोजून त्यात मिळवा. इंजिनच्या खोलीत नायलॉनचे लॉकनट चालत नाहीत, उष्णतेने नायलॉन मऊ पडतं. तिथे पूर्ण धातूचे लॉकनट. फिरत्या जोडावर कॉटर पिन घातलेला कॅसल नट, म्हणजे वर खाचा असलेला.

टाकीचे जोड बंद करायचं सीलंट दोन भागांचं, साधारण वजनाने 10 ला 1. वाटीवर अंदाजाने ओतू नका, काटा ठेवा. मे महिन्यात ते डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आधीच आवळतं, म्हणून एका वेळी थोडंच कालवा. गळती बघायला कॉम्प्रेसर जोडलात तर टाकीचे पत्रे फुगून जोड सुटतील. सगळी तोंडं बंद करून एकावर रबरी फुगा बांधा, आत किंचित हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. फुगा दुपारी टम्म आणि पहाटे सुरकुतलेला दिसला तर घाबरू नका. जानेवारीत इथे दिवसरात्रीच्या तापमानात एवढं अंतर असतं की हवाच आक्रसते. रोज एकाच वेळी बघा.

नंतर चढणीच्या कमाल कोनात नाक वर करून विमान टेकवा आणि इंजिनकडे जाणाऱ्या नळीतून येणारं इंधन मोजा. पंपावर चालणारी व्यवस्था असेल तर पूर्ण ताकदीच्या खपाच्या 125 टक्के, नुसत्या गुरुत्वाकर्षणावर असेल तर 150 टक्के यायला हवं. कमी आलं तर आधी टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारमाशीने घर केलंय का बघा, मग गाळणी.