घरी न परतलेले सिनेटर : ऑरिन हॅच

नमस्कार श्रोतेहो.

१९७६ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात ऑरिन हॅच नावाचे एक वकील सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले. मूळचे पिट्सबर्गचे, मॉर्मन पंथाचे, आणि तोवर कुठल्याही पदावर निवडून न आलेले. समोर डेमोक्रॅट पक्षाचे फ्रँक मॉस, अठरा वर्षं सिनेटमध्ये मुरलेले. प्रचारात हॅच विचारायचे, "अठरा वर्षं सिनेटमध्ये बसलेल्या माणसाला काय म्हणायचं?" आणि उत्तरही तेच द्यायचे, "म्हणायचं, आता घरी या!" हॅच जिंकले, आणि पुढे स्वतः ४२ वर्षं घरी गेले नाहीत.

रिपब्लिकन पक्षातही ते पक्के उजवे. नवखे असतानाच, १९७८ साली, कामगार संघटनांना बळ देणारं एक विधेयक त्यांनी भाषणं लांबवत अडवून धरलं आणि अखेर पाडलं. अंदाजपत्रकात तूट नकोच, असं घटनेतच लिहून टाकावं हा त्यांचा ध्यास होता. १९९७ साली त्या घटनादुरुस्तीला ६७ मतं हवी होती. पडली ६६.

पण त्यांचं टिकलेलं काम पाहिलं, तर ते विरोधकांबरोबर बसून केलेलं आहे. १९८४ साली कॅलिफोर्नियाचे उदारमतवादी प्रतिनिधी हेन्री वॅक्समन यांच्याबरोबर त्यांनी औषधांचा कायदा घडवला. तोवर पेटंट संपलेल्या औषधाची नक्कल बाजारात आणायची, तरी बहुतेक वेळा रुग्णांवरच्या महागड्या चाचण्या नव्याने कराव्या लागत. नव्या कायद्याने सांगितलं, औषध तेच आहे आणि ते रक्तात तितकंच उतरतं एवढं सिद्ध करा, पुरे. मूळ कंपन्यांनाही रिकाम्या हाताने पाठवलं नाही. मंजुरीत वाया गेलेल्या काळाबद्दल त्यांना पेटंटची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळू लागली. आणि पेटंटला सर्वांत आधी आव्हान देणाऱ्या जेनेरिक, म्हणजे नक्कल औषध बनवणाऱ्या, कंपनीला १८० दिवस इतर जेनेरिक कंपन्यांच्या स्पर्धेपासून मोकळीक. सौदा असा असावा! १९८४ मध्ये अमेरिकेतल्या शंभरातल्या साधारण १९ चिठ्ठ्यांवर जेनेरिक औषध दिलं जाई, आज जवळपास ९० वर दिलं जातं. याच दरवाज्यातून पुढे मुंबईच्या सिप्ला, लुपिन, ग्लेनमार्क या कंपन्या अमेरिकेत शिरल्या. गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यांतून तिकडे गोळ्या जातात, त्यामागे युटाच्या या गृहस्थांची सही आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

सगळंच काही कौतुकाचं नाही. १९९४ साली त्यांनी जीवनसत्त्वं, वनस्पतींचे अर्क वगैरे पूरक आहाराच्या गोळ्यांना विक्रीपूर्व मंजुरीच्या जाचातून सोडवलं. गोळी घातक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आली. या धंद्यातल्या कितीतरी कंपन्या युटातल्याच, आणि त्यांच्या निवडणूक निधीला हातभार लावणाऱ्याही. मला हा कायदा खटकतो.

आता डेमोक्रॅट पक्षाचे उदारमतवादी सिनेटर टेड केनेडी यांच्याविषयी. त्यांच्याशी लढायलाच आपण वॉशिंग्टनला आलो, असं हॅच सांगायचे. दोघांची मैत्री मात्र घट्ट झाली. १९९७ साली दोघांनी मिळून गरीब, पण सरकारी मदतीच्या निकषात न बसणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी आरोग्य विम्याची योजना पुढे रेटली. पैसा सिगारेटवरच्या करातून. स्वपक्षीय नाराज झाले, हॅच हटले नाहीत.

वीस वर्षांनी, २०१७ च्या सप्टेंबरअखेर, त्याच योजनेच्या निधीची मुदत संपली. हॅच तेव्हा सिनेटच्या अर्थ समितीचे अध्यक्ष होते आणि दहा वर्षांत सुमारे दीड लाख कोटी डॉलरची तूट वाढवणारी करकपात मंजूर करून घेण्यात गुंतले होते. मुलांच्या विम्याला अडचण का, तर आता आपल्याकडे पैसे उरले नाहीत, असं ते सिनेटमध्ये म्हणाले. करकपातीवर डिसेंबरमध्ये सही झाली. विम्याच्या योजनेला दीर्घ मुदतवाढ मिळाली ती पुढच्या जानेवारीत.