लेप पुढे की मागे?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: पुढून लेप दिलेला आरसा आणि मागून लेप दिलेला आरसा यांतला फरक. त्यावर येतोच, पण आधी एक तक्रार. माइक हातात आलाय आणि तुम्ही दारापासून बरेच लांब बसलायत.

आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. माझी दुर्बीण उघड्या सांगाड्याची, आरसा तळाशी सहज दिसणारा. मी कोणाशी तरी बोलत चार पावलं बाजूला गेलो. परत येऊन बघतो तर एक गृहस्थ वाकून, आरशावर तोंडाची वाफ सोडून, खिशातल्या रुमालाने तो पुसतायत! गोल गोल, मन लावून. मला बघून म्हणाले, "केवढी धूळ होती हो, चकाचक करून दिला." आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? त्याला बहुधा चहाही पाजावा लागतो. (हशा)

हसताय, पण तुम्हीही तेच केलं असतं. घरातल्या आरशाने आपल्याला ती सवय लावली आहे. त्याचा चांदीचा लेप काचेच्या पाठीला असतो आणि त्यामागे रंगाचं अस्तर. आपण जन्मभर पुसतो ती फक्त पुढची काच, खऱ्या आरशाला आपला हात लागतच नाही. दुर्बिणीत लेप काचेच्या पुढे, उघडा. ॲल्युमिनियमचा, साधारण 100 नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. त्यावर फार तर एखादा पारदर्शक संरक्षक थर. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू तर काचेलाही ओरखडते. रुमाल फिरवला की ॲल्युमिनियमवर बारीक चक्रं उमटतात, ती कायमची. उलट, नुसती धूळ बसली असती तर चंद्राला काही फरक पडला नसता! धुवायचाच झाला तर आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण आणि स्वतःच्या वजनाने ओढत न्यायचा कापूस. दाब नाही. शेवटी आरसा उभा करून निथळू द्यायचा. रुमालाचं काम कुठेच नाही.

हे उघडं दुखणं जुनंच. न्यूटनने 1668 मध्ये केलेल्या दुर्बिणीचा आरसा तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा होता. तो काळवंडला की पुन्हा घासा, आणि घासला की आकार बिघडलाच म्हणून समजा. 1850 च्या दशकात जर्मनीचे श्टाइनहाइल आणि फ्रान्सचे फूको या शास्त्रज्ञांनी काचेवर चांदी चढवली. ती काळी पडली की आम्लाने उतरवायची, नवी चढवायची, काचेचा आकार जसाच्या तसा. पुढे निर्वात पोकळीत ॲल्युमिनियमची वाफ बसवायचं तंत्र आलं. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या दुर्बिणीच्या 100 इंची आरशावरची चांदी जाऊन 1935 मध्ये ॲल्युमिनियम आलं, ते...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता भराभर.

पेन्सिलीचं टोक आरशाला टेकवा. पुढून लेप असेल तर टोकाला टोक भिडतं. मागून असेल तर मध्ये फट दिसते. 6 मिलिमीटर काचेत ही फट जवळपास 8 ची. दुप्पट, म्हणजे 12 नाही, कारण काचेतून बघताना तळ वर उचललेला दिसतो. दुर्बिणीच्या आरशावर हा प्रयोग कृपया करू नका. (हशा)

दुसरं: काचेचा पुढचा पृष्ठभागही सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकतो. मागच्या लेपाच्या आरशावर तिरका टॉर्च मारा. आधी एक फिकट ठिपका, मग झगझगीत, मग फिकट होत जाणारी रांग. दाढी करताना ते जाणवत नाही, पण लेझरच्या आणि दुर्बिणीच्या कामात ही भुतं, म्हणजे हे जादाचे फिकट ठिपके, चालत नाहीत.

तिसरं: मागच्या लेपात प्रकाश काचेतून दोनदा जातो. म्हणून काच आतून एकजीव हवी आणि तिच्या दोन्ही बाजू अचूक हव्यात. पुढच्या लेपात प्रकाश काचेत शिरतच नाही, एकच बाजू साधायची. काच तिथे नुसती बैठक, पारदर्शक नसली तरी चालतं.

मग घरात मागचाच का? टिकतो म्हणून. चांदीला हवा लागत नाही आणि रुमालवाल्यांपासून ती सुरक्षित असते.

उठताय? एक राहिलं. गाडीतल्या मागचं दाखवणाऱ्या आरशाची काच बऱ्याचदा पाचरीसारखी, एका कडेला जाड असते. रात्री खालचा खटका ओढला की चांदीवरून येणारा झोत छताकडे जातो आणि डोळ्यांत येतो तो फक्त पुढच्या काचेवरचा 4 टक्के. इतर वेळी आपण ज्याला भूत म्हणतो, तिथे त्यालाच कामाला लावलंय.