उतरत्या वर्षांची मालकी

मित्रहो, 10 जून 2007 रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये मासुमी कुवाता अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, पहिल्यांदा चेंडू टाकायला उतरला. वय 39. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा नवोदित पिचर (चेंडू टाकणारा) जपानमध्ये योमिउरी जायंट्सच्या संघात 21 वर्षं काढून आलेला होता आणि 173 विजय त्याच्या नावावर होते. कोशिएनची शालेय बेसबॉल स्पर्धा गाजवली तेव्हापासून सारा जपान त्याला ओळखत होता. अशा माणसानं मायनर लीगचा, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या संघाचा, करार का घ्यावा? त्या करारात मुख्य संघातल्या जागेची हमी नसते.

उतारवयातली हौस, असं म्हणून पुष्कळ जण विषय संपवतात. मला ते पटत नाही. हे वय येतं कुठून, ते आधी पाहायला हवं. जपानमध्ये खेळाडूवर क्लबचा हक्क असतो. 1993 पर्यंत त्याला स्वतःहून दुसरीकडे जाण्याचा अधिकारच नव्हता. हिदेओ नोमो या पिचरनं 1995 मध्ये नियमातली फट शोधली : जपानमध्ये निवृत्ती जाहीर केली आणि लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. ती फट पुढे बुजवली गेली. आज क्लबच्या संमतीशिवाय परदेशी जायचं, तर मुख्य संघात नऊ हंगाम भरावे लागतात. दुखापतीत गेलेले महिने त्यात सहसा धरत नाहीत. विद्यापीठातून आलेला मुलगा तोवर तिशी ओलांडतो. खांद्यातली, कोपरातली उमेदीची वर्षं क्लबची. उरतील ती त्याची स्वतःची, आणि ती कुठे घालवायची हे तोच ठरवणार.

ती वर्षं वाया जातात असंही नाही. ताकाशी साइतो योकोहामाचा पिचर. तिथले त्याचे शेवटचे हंगाम फिके गेले होते. 2006 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी, तोही मायनर लीगच्याच करारावर डॉजर्सकडे गेला. संघाचा शेवटचा डाव सांभाळणारा पिचर एरिक गान्ये जखमी झाला, साइतोला बोलावणं आलं आणि त्याच हंगामात त्यानं शेवटी येऊन, संघाची आघाडी टिकवून 24 सामने राखून दिले. पुढच्या वर्षी तो ऑल-स्टार झाला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. मला यात नशिबापेक्षा कसब जास्त दिसतं. जपानमध्ये सामना सुरू करणारा पिचर साधारण आठवड्यातून एकदा खेळतो, अमेरिकेत त्याची पाळी पाचव्या दिवशी येते, आणि तिथला चेंडूही जास्त निसटता. थकलेल्या हाताला ते जड जातं. पण एकाच डावासाठी यायचं असेल, तर वेगापेक्षा अचूक नेम आणि फलंदाजाचं मन ओळखणं कामी येतं, आणि ते वयानुसार वाढतं. जपानी पिचर कोजी उएहारा याचा दुसरा पुरावा. 34व्या वर्षी गेला आणि 38व्या वर्षी, 2013 मध्ये, बोस्टनच्या वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) विजयाचा शेवटचा चेंडू त्यानंच टाकला.

कुवाताच्या वाट्याला हे आलं नाही. हंगामापूर्वीच्या सराव सामन्यात पंचाशी धडक होऊन त्याच्या घोट्याचे स्नायुबंध फाटले. लोक म्हणाले, आता हा परत जाईल. तो गेला नाही, उपचार घेऊन उभा राहिला. 1995 मध्ये कोपराची शस्त्रक्रियाही त्यानं अमेरिकेतच, डॉ. फ्रँक जोब यांच्याकडे करून घेतली होती, आणि त्यानंतर पुन्हा खेळायला उतरला होता. पदार्पणातच अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझनं त्याला होमरन मारला. एकूण 19 सामने, एकही विजय नाही, आणि 2008 च्या मार्चमध्ये निवृत्ती. या आकड्यांना फजिती म्हणणाऱ्यांशी मी वाद घालीन. हे 19 सामने त्यानं कोणाच्या हुकमावरून खेळले नव्हते.

योमिउरीचा पिचर तोमोयुकी सुगानोचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. 2020-21 च्या हिवाळ्यात अमेरिकी क्लबांशी त्याची बोलणी झाली, पण जमलं नाही आणि तो योमिउरीकडे परतला. 2024 मध्ये 15 विजय मिळवून तो तिसऱ्यांदा लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि 35व्या वर्षी बाल्टिमोरला गेला. तिथे पहिल्याच हंगामात त्यानं 10 सामने जिंकले. नऊ हंगामांची मुदत कमी करा, ही जपानी खेळाडूंच्या संघटनेची जुनी मागणी आहे. ती मान्य व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.