चर्रर्र

हे कार्ड जवळून पाहा. तळहाताएवढं, लॅमिनेट केलेलं, मागे वेल्क्रोचा तुकडा. चित्र एकच, उघडं पुस्तक. खाली ठळक अक्षरांत 'वाचन'. वाचन झालं की मुलगा स्वतः उठतो, चर्रर्र करत कार्ड ओढून काढतो आणि 'झालं' लिहिलेल्या पाकिटात टाकतो. आता भिंतीवरच्या पट्टीवर, म्हणजे दिवसभराची कामं क्रमाने दाखवणाऱ्या कार्डांच्या रांगेत, सगळ्यात वर गणित आहे.

कितीतरी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना नुसतं ऐकून लक्षात ठेवणं जड जातं. बोललेलं वाक्य बोलता बोलता संपतं. चित्र भिंतीवर थांबून राहतं, लागेल तितक्या वेळा बघता येतं.

ही पद्धत कुणा एकाला सुचलेली युक्ती नाही. 1972 साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात, मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांचा स्वमग्न मुलांसाठीचा 'टीच' (TEACCH) कार्यक्रम राज्यभर सुरू झाला. मुलाच्या स्वमग्नतेचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं जायचं, तो हा काळ. शॉप्लर यांनी ते ठामपणे नाकारलं आणि आईवडिलांनाच उपचारात सोबतीला घेतलं. मुलाला खोलीसाठी घडवत बसण्याआधी खोली मुलाला कळेल अशी मांडा, हा त्यांचा आग्रह.

ती मांडणी या टेबलावर दिसते. डावीकडे तीन ट्रे, उजवीकडे रिकामी टोपली. काय करायचं? ट्रेमध्ये आहे तेवढं. किती? तीन ट्रे. संपलं कसं कळणार? डावी बाजू रिकामी झाली की. मग पुढे काय? ते पट्टीवर आहे. बाई इथं एक शब्दही बोललेल्या नाहीत, आणि मुलगा तिसऱ्या ट्रेपर्यंत पोचलाय.

नुसती पट्टी लावून भागत नाही, हेही सांगायला हवं. दिवस ठरल्यासारखा जातोच असं नाही. म्हणून हे पिवळं कार्ड, 'बदल'. सगळं सुरळीत असताना, आवडीच्या गोष्टीसाठी ते आधी वापरायचं. गणिताऐवजी चित्रकला, असं. त्याची ओळख झाली, की मग नावडत्या बदलासाठी.

आज मैदान बंद आहे. बाई खेळाचं कार्ड काढतात, पिवळं लावतात, शेजारी ठोकळ्यांचं.

तो पट्टीसमोर उभा आहे. कानांवर हेडफोन चढवतो. कोपऱ्यातल्या गादीवर जाऊन बसतो. वाळूचं घड्याळ उलटं करतो.

पूर्वी अशा दिवशी त्याला वर्गाबाहेर न्यावं लागायचं.

वाळू खाली आली. तो उठतो. ठोकळ्यांचा डबा स्वतः काढतो.